आजोबांच्या ट्रंकेतलं राजाचं पदक : या चुका टाळा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यात जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत हमखास काहीतरी सापडतं : विटलेली फीत, काळवंडलेली चकती आणि तिच्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा. मग घरात दोन गोष्टी लगोलग होतात. कोणीतरी चिंच घेऊन ती चकती घासायला बसतं आणि कोणीतरी ‘आमच्या आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता’ असं लिहून फोटो व्हॉट्सॲपवर टाकतं. दोन्ही आपुलकीनेच होतं. पण पहिल्याने पदकावरचा मजकूर पुसट होतो आणि दुसऱ्याने आजोबांची खरी हकिकत झाकली जाते.

मराठी शिपायाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं फार थोडं मागे राहिलं आहे. कित्येक घरांत पदकाच्या कडेवरची एक ओळ हीच त्या माणसाच्या फौजेतल्या आयुष्याची एकमेव लेखी नोंद असते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. विषय दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश राजाच्या नावाने भारतीय सैनिकांना मिळालेल्या पदकांचा आहे. त्यातही ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ या पदकाकडे जास्त लक्ष दिलं आहे, कारण मराठी घरांत त्याच्याइतकी उपेक्षा दुसऱ्या कुठल्या पदकाची होत नाही.

आधी हात आवरा

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबू-मिठाने, पितांबरीने लख्ख निघतात, त्यामुळे हात आपसूक तिकडे वळतो. भांड्याचं एक बरं असतं, वरचा थर गेला तरी खाली तेच भांडं उरतं. पदकाचं सगळं मोल त्या वरच्या थरातच असतं. राजाच्या केसांच्या रेषा, मुकुटावरची नक्षी आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकावर तर कडेवर ठोकलेलं शिपायाचं नाव. ही कड अगदी अरुंद असते. दर दसऱ्याला तिच्यावरून राखेचा हात फिरत राहिला तर काही वर्षांत नावाची अक्षरं बोटाला लागेनाशी होतात, आणि ती परत आणण्याचा उपाय कुणाकडेच नाही.

चांदीवर चढलेला काळसर थर म्हणजे घाण नव्हे. तो तसाच राहू द्या. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. हात कोरडे ठेवा आणि पदक कडेवर बोटं टेकवून धरा, चेहऱ्यावर अंगठा ठेवू नका. घामाच्या ठशांनी धातूवर कायमचे डाग पडतात.

पितळी किंवा कांस्य पदकावर हिरवी भुकटी दिसली तर ते कळकलं आहे. चाकूच्या टोकाने ती खरवडू नका. ते पदक बाकीच्यांपासून वेगळं काढा, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. पदक देव्हाऱ्यात ठेवण्याची किंवा शस्त्रपूजेत मांडण्याची रीत घरात असेल तर ती जरूर पाळा, पण हळद-कुंकू, पाणी आणि पंचामृत धातूला लागू देऊ नका. समोर फूल वाहा, पदक कोरडं राहू द्या.

ठेवायचं कसं? प्रत्येक पदक वेगळं, मऊ धुतलेल्या मलमलीत गुंडाळून. ती सगळी एकाच पुरचुंडीत राहिली तर एकमेकांवर घासतात. रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वास मारणाऱ्या, चिकट झालेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. डांबराच्या गोळ्याही शेजारी नकोत. कोकणातल्या पावसाळ्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वेळोवेळी बदला.

एक चूक मात्र कायमची असते. पदकाला भोक पाडून, कडी डाकून गळ्यातलं करून घेणं, किंवा ‘चांदी आहे’ म्हणून आटवायला देणं. पहिल्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ खरोखर चांदीचं असतं. १९८० च्या सुमारास जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी असंख्य पदकं मुशीत गेली. प्रत्येकाच्या कडेवर एका माणसाचं नाव होतं.

कड वाचताना होणारे घोळ

पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर आधी राजाचा चेहरा सोडा आणि कड बघा. खोलीतला दिवा घालवा, मोबाईलचा टॉर्च पदकाच्या पातळीत आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवा. तिरक्या उजेडात ठोकलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि सपाट दिसणारी कड बोलायला लागते. आधी आकडे, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. समजा ओळ अशी निघाली : ‘२४१७ शिपाई सखाराम मोरे, ११४ महरट्टाज’. हे नाव इथे नमुन्यापुरतं घेतलं आहे, मात्र ओळीची घडण साधारण अशीच असते. अक्षरं अर्थातच इंग्रजी, सगळी कॅपिटल.

ही ओळ वहीत उतरवताना स्पेलिंग सुधारू नका. कारकुनाने पवारांचं पोवार, शिंद्यांचं सिंदे केलेलं असतं. शोध घ्यायचा तो त्या चुकीच्या स्पेलिंगनेच, कारण कचेरीतल्या यादीतही तेच बसलेलं असण्याची शक्यता जास्त. ‘मराठा’ शब्दही तेव्हा ‘महरट्टा’ असा लिहीत, मधे एच आणि शेवटी दोन टी घालून. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला कित्येक नोंदी सापडतच नाहीत.

एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन शिपाई असणं आपल्याकडे नवलाचं नाही, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका. नुसत्या नंबरावरही नको. त्या काळी नंबर पलटणीपुरता असे, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाला असायचा. नंबर आणि पलटण दोन्ही जुळले तरच तो तुमचा माणूस.

मग पुढची अडचण येते : ‘११४ मराठा नावाची पलटण आज कुठेच नाही.’ बरोबर आहे. १९२२ च्या फेररचनेत जुने आकडे बदलले आणि मराठा पलटणी ५ व्या रेजिमेंटखाली एकत्र आल्या. १०३ ची झाली पहिली बटालियन म्हणजे १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं मूळ हेच, आणि तिचं केंद्र बेळगावला आहे. कडेवर ‘१११ महार्स’ असेल तर ती निराळी पलटण. ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच नव्याने उभी राहिली. पहिल्या महायुद्धातल्या महार शिपायाचा माग दुसऱ्या महायुद्धाच्या रेजिमेंटमध्ये काढत बसणारी घरं रिकाम्या हाताने परततात ती यामुळे.

‘जमादार’ हा हुद्दा वाचून काही जण गप्प होतात आणि तो भाग सांगायचं टाळतात. त्या काळातला फौजेतला जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार. अभिमानाने सांगा.

आणखी एक घोळ धातूचा. ‘ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, आमचं तांबूस आहे, म्हणजे नकली.’ तसं नाही. भारतातून गेलेल्या मजूर पलटणींना आणि सैन्यामागोमाग राबणाऱ्या नोकरवर्गाला, म्हणजे पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, हमाल यांना, हेच पदक कांस्यात दिलं गेलं. साम्राज्याने माणसांत केलेली ही प्रतवारी होती आणि ती बघून राग येतो तो रास्तच आहे. पण चांदीची पदकं ६० लाखांहून जास्त निघाली, कांस्याची लाखाच्या आसपास. ज्यांची नावं इतिहासात दुसरीकडे कुठेच येत नाहीत अशा लोकांची ती पदकं आहेत. ती ‘नकली’ म्हणून भंगारात घालणं ही या सगळ्या यादीतली मला सर्वांत जिव्हारी लागणारी चूक वाटते.

व्हिक्टरी मेडल म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे

नावं कानाला सारखी लागतात म्हणून हा गोंधळ होतो. व्हिक्टरी मेडल ही कांस्याची गोल चकती. पुढे पंख असलेली विजयदेवता, मागे १९१४-१९१९ ही साल, आणि इंद्रधनुष्यासारखी फीत. युद्धक्षेत्रात गेलेल्या लाखो सैनिकांना ते मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस हा क्रॉसच्या आकाराचा, किरमिजी फितीचा. असामान्य शौर्यासाठी तो दिला जातो आणि त्याच्या प्रत्येक मानकऱ्याचं नाव जाहीर नोंदीत आहे. मराठा पलटणींतल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी तो मरणोत्तर मिळाला आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी. तुमच्या घरात खरोखर तो असता तर गावाला कधीच माहीत झालं असतं.

व्हिक्टरी मेडलवरच्या सालांवरूनही चूक होते. १९१४-१९१९ हा युद्धाचा काळ झाला, आजोबांच्या नोकरीचा नव्हे. १९१८ मध्ये इराकमधल्या बसऱ्याला उतरलेल्यालाही तेच पदक, तीच सालं. आजोबा १९१५ संपायच्या आत रणांगणावर होते का, हे कळायला सोबत कांस्याचा ताराही आहे का ते पाहा. १९१४-१५ स्टार असेल तर होते. फक्त जोडी असेल, म्हणजे वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, तर बहुधा ते १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेले.

इंडिया सर्व्हिस मेडल : नाव नाही म्हणून खोटं ठरवू नका

आता दुसऱ्या महायुद्धाकडे. इथे पहिला धक्का बसतो तो कड कोरी असल्याचा. भारतीय सैन्याला वाटलेली दुसऱ्या महायुद्धाची ही पदकं सर्वसाधारणपणे नावाविनाच दिली गेली. कोरी कड हा नकलीपणाचा पुरावा धरता येत नाही. याच समजुतीपोटी लोक कोरीव काम करणाऱ्याकडे जाऊन आजोबांचं नाव घालून घेतात, आणि पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला ते मूळचं की नंतरचं याचा उलगडा होत नाही. नाव हवंच असेल तर पदकासोबत कागदावर लिहून ठेवा.

हे पदक ओळखायचं कसं? ३६ मिलिमीटरची, रुपेरी दिसणारी चकती, धातू तांबं-निकेलचा. पुढच्या बाजूला मुकुट घातलेला सहावा जॉर्ज. मागच्या बाजूला उठावात भारताचा नकाशा, वर ‘इंडिया’ आणि खाली १९३९-४५. नकाशा अर्थातच फाळणीपूर्वीचा, अखंड. फीत गडद निळी, तिच्यावर फिकट निळ्या पट्ट्या. हे रंग ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ आणि ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या दोन जुन्या मानसन्मानांच्या फितींमधून घेतलेले आहेत.

सहाव्या जॉर्जने जून १९४६ मध्ये हे पदक सुरू केलं. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात भारतीय दलांत राहून लढाईच्या आघाडीबाहेर तीन वर्षं सेवा केलेल्यांसाठी ते होतं. एकूण सुमारे २ लाख २० हजार पदकं दिली गेली. दुसऱ्या महायुद्धाचे बाकीचे तारे आणि त्याच युद्धाचं वॉर मेडल (पहिल्या युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलहून वेगळं) साम्राज्यभर वाटले गेले, हे मात्र खास भारतीय दलांसाठीचं.

‘आघाडीबाहेर’ हा शब्द वाचून कित्येकांचा चेहरा पडतो. ‘म्हणजे आजोबा लढलेच नाहीत?’ मग ते पदक चौकटीत मागे सरकतं, कधी चौकटीत घेतलंच जात नाही. मला हे पटत नाही. रंगरूटांना घडवणारे उस्ताद, दारूगोळ्याच्या भांडारातले लोक, डेपोतले कारकून, टेलिफोनच्या तारा ओढणारे, खेचरांना तयार करून पाठवणारे यांच्या तीन वर्षांच्या कामावर ब्रह्मदेश आणि इटलीच्या आघाड्या उभ्या होत्या. आजोबांचं इंडिया सर्व्हिस मेडल इतरांच्या पुढे मांडा आणि ते त्या वर्षांत कुठल्या डेपोत, कुठल्या केंद्रात होते त्याचा शोध घ्या. तो बहुतेक वेळा देवळाली, खडकी, बेळगाव अशा ओळखीच्याच ठिकाणी नेतो.

उलट चूकही होते. नकाशाचं पदक पाहून ‘आजोबा इम्फाळला लढले’ अशी कथा तयार होते. इम्फाळ-कोहिमाला असते तर सोबत बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेश आघाडीचा तारा हवा. आघाडीवर जाऊन आलेला आणि तीन वर्षं भारतातही काढलेला माणूस दोन्ही मिळवू शकत होता, तेव्हा पूर्ण संच पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

संच वाचायची रीत सोपी आहे. सहा टोकांचे पिवळट तारे आकाराने सगळे सारखेच, तेव्हा मधल्या वर्तुळावरची इंग्रजी ओळ वाचा : आफ्रिका, बर्मा, इटली. मधोमध असलेली जी-आर-आय ही अक्षरं राजाची आहेत, आजोबांच्या नावाची किंवा पलटणीची आद्याक्षरं नाहीत. आफ्रिका स्टारच्या फितीवर ‘८’ असा धातूचा आकडा असेल तर तो आठव्या आर्मीचा, आठव्या बटालियनचा नव्हे. समजा चौकटीत १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल आहेत आणि कागदावर पलटण ३/५ मराठा आहे. मग वाट स्पष्ट दिसते : १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर लढलेली आणि पुढे इटलीत उतरलेली ही पलटण. यशवंत घाडगे याच बटालियनचे.

आणि संच वाचताना एक ताळा करून पाहा. डिफेन्स मेडल (त्याच युद्धातलं आणखी एक सेवापदक) आणि इंडिया सर्व्हिस मेडल एकाच माणसाला मिळत नसत. घरच्या चौकटीत दोन्ही असतील तर बहुधा दोन भावांची किंवा काका-पुतण्यांची पदकं कधीतरी एकत्र झाली आहेत. त्यावर नाराज होऊ नका, फौजेत गेलेला आणखी एक माणूस तुम्हाला सापडला आहे.

बर्मा स्टार, आझाद हिंद आणि ताम्रपट

हा भाग नाजूक आहे. ‘आजोबा ब्रह्मदेशात नेताजींच्या फौजेत होते, हा घ्या पुरावा’ म्हणून बर्मा स्टार दाखवला जातो. बर्मा स्टार ब्रिटिशांच्या बाजूने जपान्यांशी लढलेल्यांना मिळत असे. म्हणून आजोबांविषयीची आठवण खोटीच ठरते असं मात्र नाही. एकाच घरातला एक भाऊ सिंगापूरला कैद होऊन आझाद हिंद सेनेत गेला आणि दुसरा समोरच्या बाजूला उभा होता, असं त्या काळात घडू शकत होतं. तारा दुसऱ्या भावाचा असू शकतो. पदकावर तुमच्या मनातली बाजू लादू नका आणि आजी-आत्यांना शांतपणे पुन्हा विचारा : कोण, कुठे, परत कधी आला.

दुसरा गोंधळ ‘इंडियन इंडिपेन्डन्स मेडल’चा. त्यावर अशोकचक्र आहे, मागे सिंहमुद्रा आणि १५ ऑगस्ट १९४७, फीत केशरी-पांढरी-हिरवी. हे बघितलं की कोणीही ते स्वातंत्र्यसैनिकाचं समजेल. पण चक्राच्या वर मुकुट आहे आणि भोवती सहाव्या जॉर्जचं नाव. स्वातंत्र्याच्या वेळी सैन्यात नोकरीवर असलेल्यांना १९४८ साली सुरू झालेलं हे पदक मिळालं, आणि याच्या कडेवर मात्र नाव असतं. स्वातंत्र्यसैनिकांना १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात मिळाला तो ताम्रपट. इंडियन इंडिपेन्डन्स मेडलच्या आधारावर सवलतीसाठी किंवा गावच्या फलकासाठी अर्ज करू नका, तो फेटाळला जाईल आणि घराचा विनाकारण उपमर्द होईल.

राजाचा चेहरा आहे म्हणून पदक लपवून ठेवणारीही घरं आहेत. त्यांना एवढंच सांगेन की दुष्काळी माळावरचा विशीतला मुलगा पगारासाठी, घरच्यांसाठी, गावातली चार मुलं गेली म्हणून पलटणीत गेला. त्याच्या कष्टाचा हिशेब राजाला देऊन टाकू नका.

फीत, क्रम आणि चौकट

फीत कितीही विटली तरी मूळची फेकू नका. नवी लावायची असेल तर जुनी पाकिटात घालून पदकासोबत ठेवा. रंग नीट जुळवा. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, ती तिरंग्याची समजून केशरी लावली जाते. बर्मा स्टारची गडद निळी, मधे लाल पट्टा आणि दोन बाजूंना नारिंगी. १९३९-४५ स्टारची गडद निळी, लाल, फिकट निळी अशी तीन सारख्या पट्ट्यांची.

क्रम पाहणाऱ्याच्या डावीकडून लावायचा : १९३९-४५ स्टार, मग आफ्रिका, बर्मा, इटली हे तारे, नंतर डिफेन्स मेडल, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. चौकटीत बसवताना फेव्हिकॉल किंवा ग्लू गनने पाठ चिकटवू नका, नकाशा आणि मागचा मजकूर कायमचा भिंतीकडे जातो. दोऱ्याने फितीला टाके घाला. चौकट उन्हाच्या भिंतीवर नको.

वाटणीत पदकं फोडू नका

जमिनीचे गट पडतात तसे पदकांचेही पडतात. चार पदकं, चार मुलगे, प्रत्येकाला एक. न्याय्य दिसतं, पण संच फुटला की आजोबा कुठून कुठे गेले ती साखळी तुटते, आणि दुसऱ्या महायुद्धाची पदकं तर बिननावाची, एकदा पांगली की कुणाची हे ओळखायची सोयच राहत नाही. एका घरी संच राहू द्या, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या आणि मागे कोणाचा संच आहे ते लिहा. फार तर गणपतीला एकत्र आल्यावर घर बदला.

कागद हरवतात तिथेच शोध संपतो

ट्रंकेतून पदकं बाहेर येतात आणि खालचे पिवळे कागद रद्दीत जातात. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनची पुस्तिका, पगाराची चोपडी यांतलं काहीही पदकापेक्षा कमी नाही. नंबर, पलटण, भरतीचं गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं तिथेच असतं. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सपाट ठेवा आणि फोटो काढून घ्या.

शोधाची सुरुवात लंडनला पत्र लिहून करण्याचा मोह होतो. भारतीय शिपायाच्या नोकरीचे कागद बहुधा इथल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड कचेरीकडे असतात. तिथे जायची वाट तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आहे. अर्जात ‘माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते’ एवढंच लिहू नका. नंबर, हुद्दा, पलटण, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, अंदाजे भरतीचं आणि सुटल्याचं साल एवढं तरी द्या. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत होती, हेही अर्जात लिहा. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर ‘या गावातून इतके गेले’ अशी संगमरवरी पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर ही आठवण नावातच आहे.

फोटोत आजोबांच्या छातीवर फितींच्या पट्ट्या दिसतात पण घरात पदकं नाहीत, अशी तक्रार बरेचदा येते. चोरी झाली असं लगेच समजू नका. दुसऱ्या महायुद्धात फिती आधी मिळाल्या, पदकं युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी. तोवर पुष्कळ शिपाई सुटून गावी आले होते आणि पदक मागायला परत गेलेच नाहीत.

विकण्याआधी आणि बाहेर पाठवण्याआधी

विकू नये असं माझं मत आहे, पण अडचणी असतात हेही खरं. निदान पूर्ण संच, कागदांसह, आणि आधी सगळ्याचे फोटो काढून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे, आणि पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. लंडन-दुबईच्या नातेवाइकाला कुरियर करण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या. विकत घेताना उलट काळजी. जुन्या बाजारात नव्या घडणीचे तारे सर्रास मिळतात. नक्षी बोथट, अक्षरांच्या कडा गोलसर आणि मागे साच्याची रेघ दिसली तर हात मागे घ्या.

जे परत आले नाहीत

घरात साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची जड थाळी असेल, तिच्यावर सिंह, हातात त्रिशूळ धरलेली स्त्री आणि उठावातलं नाव असेल, तर तिला ताटली किंवा बक्षीस समजू नका. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या घरी ती पाठवली जात असे. नावापुढे हुद्दा मुद्दाम टाळलेला आहे, त्यामुळे तो शिपाई होता की सुभेदार हे तिच्यावरून कळणार नाही.

अशा माणसाचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत इंटरनेटवर फुकट शोधता येतं. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांत सेवेत असताना आलेला मृत्यू ते धरतात. तो गोळीने आला की खडकीच्या इस्पितळात तापाने, याने फरक पडत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांची फक्त संख्या, त्यामुळे स्मारकाच्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून थांबू नका, यादीत शोधा. आडनावाने सापडलं नाही तर नंबराने पाहा, मग पलटणीने, मग वडिलांच्या किंवा गावाच्या नावाने. नोंदीत स्पेलिंग किंवा गाव चुकलं असेल, किंवा नावच राहून गेलं असेल, तर कमिशन पुरावा पाहून दुरुस्तीचा विचार करतं. अर्जासोबत थाळीचा सरळ समोरून घेतलेला फोटो, पदकाच्या कडेचे तिरक्या उजेडातले फोटो आणि असेल तो प्रत्येक कागद जोडा, आणि गावाचं नाव आजच्या व तेव्हाच्या अशा दोन्ही स्पेलिंगांनी लिहा.